नात्याचा प्रकार निवडा

माहितीचे तक्ते बनवणं हे तसं सोपं काम. खातेदारांचा एक तक्ता, गटांचा दुसरा, पिकांचा तिसरा. प्रत्येकात चार रकाने टाकले की निम्मं गाव संगणकात आल्यासारखं वाटतं. मग अॅडमिन पॅनेलच्या मागच्या अंगाला एक खिडकी उघडते आणि विचारते, या दोन तक्त्यांचं आपसात नातं काय? एकास एक, एकास अनेक, की अनेकांस अनेक? इतका वेळ भराभर टाइप करणारा पोरगा इथे हमखास चहाला उठतो.

स्ट्रॅपी नावाची एक फ्रेंच प्रणाली आहे. तिच्यात सहा चित्रं समोर मांडलेली असतात आणि त्यांतलं एक निवडायचं असतं. सहापैकी दोन नाती चक्क एकतर्फी आहेत: याच्याकडे त्याची नोंद असते, त्याला याचा पत्ताही नसतो. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

जँगो ही प्रणाली त्यामानाने सोवळी, तिच्यात नाती तीनच. ती जन्मली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुली झाली. तक्ते आणि नाती सांगितली की माहिती भरायचं पॅनेल ती आपलं आपण उभं करून देते, म्हणून जगभर तिच्यावर लोकांचा जीव. तिची एकच खोड आहे. एखाद्या नोंदीला कोणत्या नावाने हाक मारायची हे आधी सांगितलं नाही, तर ती यादीत 'खातेदार ऑब्जेक्ट (१)', 'खातेदार ऑब्जेक्ट (२)' अशी माणसं रांगेत उभी करते. शिवाय तक्त्यांच्या नावांना इंग्रजी अनेकवचनाचा 'स' स्वतःच्या मनाने चिकटवते, त्यामुळे पहिल्या दिवशी पडद्यावर 'सातबारास' आणि 'फेरफारस' अशी मंडळी दिसू लागतात.

समजा, शिरूर तालुक्यातला एक मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे आणि सुट्टीत गावासाठी म्हणून असं एक पॅनेल करायला बसला आहे. गाव इनामगाव. घोड नदीच्या काठचं. इथे नाती लावण्याचं काम याआधीही झालेलं आहे, आणि तेही तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ साली इनामगावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, कुदळ मारली आणि १९८३पर्यंत, हंगामामागून हंगाम, तिथे खणत राहिलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली सव्वाशेहून अधिक घरं आणि अडीचशेच्या वर दफनं त्यांनी उजेडात आणली. खोदकामाला दोन वर्षं होतायत न होतायत तोच, जून १९७०मध्ये, तिकडे कॅलिफोर्नियात आयबीएमच्या प्रयोगशाळेत बसून एडगर कॉड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एक निबंध छापला. सगळी माहिती तक्त्यांत ठेवावी, तक्ते समान मूल्यांनी एकमेकांना जोडावेत, आणि यंत्राच्या पोटात माहिती नेमकी कशी रचून ठेवली आहे हे जाणून घ्यायची पाळी वापरणाऱ्यावर येऊ नये, असं त्याचं म्हणणं. आजचे बहुतेक सगळे हिशेब, बँका आणि रेल्वेची तिकिटं याच निबंधाच्या जिवावर चालतात. यातलं शेवटचं तत्त्व महसुली कचेऱ्यांना कॉडच्या आधीपासून ठाऊक होतं. दप्तर नेमकं कुठे ठेवलं आहे, हे कामासाठी आलेल्या माणसाला कळण्याची पाळी तिथे कधीच आली नाही.

दोन तक्ते जोडायचे तर एकाने दुसऱ्याचा क्रमांक स्वतःजवळ बाळगायचा असतो. कोणी बाळगायचा, यावर नवशिके अडतात. मराठी माणसाला खरं तर अडायचं कारण नाही. पोरगा आपल्या नावापुढे बापाचं नाव लावतो, बाप काही पाच पोरांची नावं मिरवत हिंडत नाही. 'अनेक' ज्या बाजूला असतील त्या बाजूने 'एका'चं नाव लावायचं, संपलं. मुलीच्या लग्नात हाच रकाना बदलतो, बापाच्या जागी नवरा येतो, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरची ती आणि रेशनकार्डावरची ती एकच बाई आहे हे पटवायला पुढे राजपत्राची प्रत घेऊन फिरावं लागतं. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदोपत्री, आईचं नावही आलं. आधी आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे जुन्या तक्त्याला नवा रकाना जोडला आणि आधीच्या लाखो नोंदींना हात लावायची सक्ती केली नाही. हा समंजसपणा भल्याभल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना दाखवता येत नाही.

उत्खननात मात्र कोण कोणाचं नाव लावतं हे सांगायला कोणी उरलेलं नसतं. खापर थराचं, थर खड्ड्याचा, खड्डा टेकाडाचा, इथपर्यंत ठीक. इनामगावात लहान मुलांना दोन रांजणांत, रांजणांची तोंडं एकमेकांना भिडवून, घराच्या जमिनीखाली पुरत असत. आता वरच्या जमिनीतून खणलेला खड्डा खालच्या, शे-दोनशे वर्षं जुन्या घराच्या जमिनीत जाऊन पोचतो. सापडतं ते दफन खालच्या घरात. मग ते मूल कोणत्या घरचं? नियम असा, की खड्डा ज्या थरातून खणला त्या थराचा. ज्या थरात सापडला त्याचा नव्हे. हे चुकलं की मूल स्वतःच्या खापरपणज्याच्या आधी जन्माला येतं. उत्खनकाने हे मातीच्या रंगावरून, वाकून, ब्रशने झाडत ठरवायचं असतं. पॅनेल करणाऱ्या पोराला निदान पंखा असतो.

एकास एक हे नातं पुस्तकात पहिलं शिकवतात आणि व्यवहारात सगळ्यात कमी सापडतं. इनामगावने त्याचा एक उत्तम नमुना दिला आहे. एका घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची मूर्ती निघाली, बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, आणि तिच्याबरोबर मातीचाच एक बैल. मूर्तीच्या पोटाला एक बारीक भोक आणि बैलाच्या पाठीला एक. दोन्हींत काडी घातली की देवी बैलावर बसते. दोन वस्तू, दोन भोकं, मधे एक काडी. एकीकडचं मूल्य दुसरीकडच्या मूल्याला जुळलं पाहिजे एवढंच कॉडचंही म्हणणं होतं. इथल्या कारागिराने ते कच्च्या मातीत करून ठेवलं होतं.

आता जमिनीवर येऊ.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची जोडी: सातमध्ये हक्क, बारामध्ये पिकं. हा उतारा गटाच्या बाजूने लिहिलेला. गट नंबर द्या, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते कळतं. उलट बाजूने बघायचं तर आठ-अ. खाते नंबर द्या, त्या खात्याला गावातले कोणते गट लागतात ते कळतं. एकच माहिती दोन्ही तोंडांनी वाचता यावी म्हणून हे दोन नमुने. पॅनेलवाला पोरगा हे सगळं शिकून तलाठी कार्यालयात गेला असं समजू. तलाठी या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा शासनाचा निर्णय झाला आहे. गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं.

"भाऊसाहेब, एका गटाला मालक एकच ना?"

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुझ्या आज्याच्या गटाला किती आहेत?"

पोराने बोटं मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातावर जाऊन थांबला.

"आणि एका माणसाचे गट?"

"एक माळाला, एक नदीला, एक कोर्टात."

झालं, अनेकांस अनेक. दोन्ही बाजूंना अनेक असले की कोणीच कोणाचं नाव आपल्याजवळ बाळगू शकत नाही, म्हणून मधे तिसरा तक्ता लागतो. त्याच्या एका ओळीत एक खातेदार आणि एक गट, एवढंच. जँगो हा मधला तक्ता गुपचूप बनवते आणि पडद्यावर दाखवतही नाही. नवशिक्याला वाटतं, काम संपलं.

गंमत अशी, की गावाचा सगळा मजकूर या मधल्या तक्त्यातच असतो. खातेदार म्हणजे नुसतं नाव. गट म्हणजे नुसतं क्षेत्र, पोटखराबा आणि आकारणीचे चार पैसे. भांडण जे काही आहे ते दोघांच्या मधे आहे: किती हेक्टर किती आर, चार आणे हिस्सा की पाच आणे चार पै, कोणत्या फेरफाराने, कोणत्या साली, वारसाने की खरेदीने की बक्षीसपत्राने, स्वतःसाठी की एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, अज्ञान असेल तर पालक कोण. नावाशेजारी 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं दिसली तर त्याच्या मागे अख्खं खटलं उभं आहे असं समजायचं. थोरल्याचं नाव पुढे, बाकीचे भाऊ त्या ठिपक्यांत. जँगोत अशा वेळी मधला तक्ता स्वतःच्या हाताने बांधायची सोय आहे आणि जाणकार मंडळी पहिल्या दिवसापासून तेच करतात. खातेदार आणि गट हे तक्ते तासाभरात होतात, मधल्या तक्त्याला पोराची उरलेली सुट्टी लागते.

या मधल्या तक्त्यात ओळ घालणं किती जड असतं हे शेतकरी बायकांना विचारावं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, आणि १९९२च्या शासन निर्णयानंतर नवऱ्याने अर्ज करून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय झाली. संगणकाच्या भाषेत ही एका ओळीची भर, पण ती घालायला आंदोलन लागलं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. त्यामुळे वारस नोंदीत बहिणींची नावं येतात. आणि पुष्कळ ठिकाणी पाठोपाठ हक्कसोडपत्र येतं, बहिणींच्या ओळी पुन्हा बाहेर जातात, त्या दिवाळीची साडी जरा भारीतली असते.

ओळ बाहेर जाणं, हा आणखी एक अवघड विषय. डिसेंबर २०१७मध्ये आलेल्या जँगोच्या दुसऱ्या आवृत्तीपासून एकास एक किंवा एकास अनेक असं नातं जोडतानाच सांगावं लागतं, की मूळ माणूस खोडला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचं काय करायचं. आधी हे न सांगता चालायचं, आणि मग प्रणाली त्यांनाही सरसकट खोडायची. आजही तो पर्याय आहे. तो निवडून पॅनेलमध्ये शिरूर तालुका खोडायला गेलात तर एक पान उघडतं, त्यावर गावं, गावांखाली गट, गटांखाली पिकं अशी जाणाऱ्यांची भली लांब यादी येते आणि खाली सौम्य शब्दांत प्रश्न असतो: नक्की? दुसरा पर्याय, जागा रिकामी ठेवायची. तिसरा, खोडूच द्यायचं नाही. आधी अवलंबून असलेल्यांची सोय लावा, मग या. ज्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढलेला आहे त्याला या तिसऱ्या पर्यायाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

महसूल खात्याने या तिन्हींहून निराळी वाट काढली. सातबाऱ्यावर नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. कंसातला माणूस दिसतो, वाचता येतो, फक्त मोजायचा नाही. फेरफार नोंदवहीचंही तसंच. नोंद धरली, नोटीस काढली, हरकतीला पंधरा दिवस दिले, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली किंवा रद्द केली, तरी रद्द झालेली नोंदही आपल्या क्रमांकासह वहीत राहते. सॉफ्टवेअरच्या जगात याला मोठी आधुनिक रचना मानतात, तिच्यावर परिषदा भरतात. वहीला त्याचं विशेष काही वाटत नाही.

पण कंस करायलाही वर्दी द्यावी लागते, आणि ती द्यायला वारसांचं आपसात जमावं लागतं. जमत नाही तोवर आजोबा सातबाऱ्यावर धडधाकट. २०२५च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम निघाली ती याचसाठी, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. सुरुवात आधी बुलढाणा जिल्ह्यात झाली होती. इनामगावच्या प्राचीन वस्तीत मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली आढळतात. मेलेल्याने उठून चालू लागू नये, इथेच राहावं, अशी त्यामागची समजूत असावी असं अभ्यासकांना वाटतं. सातबाऱ्याने तोच परिणाम शस्त्राशिवाय साधला आहे.

सगळ्यांत वेगळा एकच गडी निघाला. वस्तीच्या मध्यभागी, पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला. पावलं शाबूत. घराला लागून धान्याचं कोठार. हा प्रमुख असावा असा अंदाज. पॅनेलमध्ये त्याला कुठे बसवायचं? दफनांच्या तक्त्यात 'प्रकार' या रकान्यात दोनच पर्याय ठेवले असतील, 'रांजणात मूल' आणि 'जमिनीत प्रौढ', तर हा रांजणात प्रौढ. प्रत्येक तक्त्यात असा एक माणूस असतोच, आणि बहुधा तोच गावचा पाटील असतो.

ओळख पटवणारा क्रमांक कधीही बदलू नये, हा या धंद्यातला पहिला धडा. महाराष्ट्राने तो एकदा गावोगाव मोडला. १९४७च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जमिनींची पुनर्रचना झाली आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. पडद्यावर गट नंबर, जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर, आणि म्हातारीच्या तोंडी 'चिंचेखालची पट्टी'. तिन्ही एकच, हे सांगणारा तक्ता म्हातारीच्या डोक्यात. शिवाय गट ११२ इनामगावातही असतो आणि शेजारच्या गावातही, म्हणून नुसत्या गटावर काही ठरत नाही. जिल्हा, तालुका, गाव आणि गट मिळून क्रमांक होतो. आता प्रत्येक भूभागाला अकरा आकडी स्वतंत्र क्रमांक मिळाला आहे, सातबाऱ्यावर छापूनही येतो. पाठ कोणालाच नाही.

पिकांचं नातं लावताना पोरगा शेवटचा घसरला. एका गटाला एक पीक, असं त्याने धरलं. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकऱ्याने मोबाइल घेऊन बांधावर उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, स्वतःच नोंद करायची. तिथे हंगाम विचारतात, क्षेत्र विचारतात, निर्भेळ पीक की मिश्र पीक तेही विचारतात. म्हणजे पिकाला गट पाहिजे, खातेदार पाहिजे, हंगाम पाहिजे, आणि उसात घेतलेल्या कांद्याला तर ऊसही पाहिजे.

राहिली विहीर. घोडकाठची विहीर एका गटात असते, पाणी तीन गटांना जातं, मोटर दोघांची, मीटर कधीच्या वारलेल्या चुलत्याच्या नावावर आणि पाळी वारांप्रमाणे. प्राचीन इनामगावातही पाण्याचा पाट आणि त्याच्या कडेचा बांध सापडला आहे. पाळ्या कशा ठरवत ते मातीत उमटलेलं नाही. पोराने विहीर, मोटर, मीटर, पाळी असे चार तक्ते केले, त्यांना जोडणारे आणखी तीन केले, आणि संध्याकाळी भाऊसाहेबांना दाखवायला नेले.

भाऊसाहेबांनी बघितलं. "हे इतर हक्कात लिहितात."

सातबाऱ्याच्या एका बाजूला 'इतर अधिकार' असा चौकोन असतो. सामाईक विहीर, चार आणे हिस्सा. सोसायटीचा बोजा. कूळ. वहिवाटीचा रस्ता. पोटगीचा हक्क. कोर्टाचा मनाई हुकूम. जे नातं कोणत्याच रकान्यात मावलं नाही ते इथे साध्या वाक्यात उतरवून ठेवलेलं असतं, आणि जमीन विकत घेणारा वकील सगळ्यात आधी इथेच बोट ठेवून वाचतो.

पोराने सातच्या सात तक्ते काढून टाकले आणि त्यांच्या जागी 'शेरा' नावाचा एक मजकुराचा रकाना ठेवला. मर्यादा २५५ अक्षरांची. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पहिल्याच विहिरीचं लिहिताना दोन नंबरच्या भावाच्या पाळीपाशी जागा संपली होती, आणि पुरवणी कुठे जोडायची असं भाऊसाहेब विचारत होते.